वाक्यात उपयोग करा

प्रश्न चौथा, आ : 'निमूटपणे'.
अर्थ लिहून वाक्यात उपयोग करा. गुण दोन.
एक अर्थाला, एक वाक्याला.
उत्तरसूचीत अर्थ छापून आलाय :
तक्रार न करता, मुकाट्याने.

आठवी 'ब'चे सदतीस पेपर,
वेंगुर्ल्यात रात्री दहाला वीज गेलेली,
मेणबत्ती, लाल पेन,
कागदाला चिकटणारं घामेजलं मनगट.

बैल निमूटपणे चालतो : अकरा जण.
(बंदराच्या वाटेवर बैल मी शेवटचा कधी पाहिला?
गाईडात मात्र तो अजून चालतोय.)
सून निमूटपणे कामाला लागली : सहा मुली, दोन मुलगे.
तन्मय गावडे : मी निमूटपणे अभ्यास करतो.
साफ खोटं. व्याकरण शुद्ध. दिला एक.

गोष्टींतूनही असंच.
हा शब्द बहुतेक बायकांच्या वाट्याला येतो,
चुलीपाशी, उंबऱ्याशी, कधी बोहल्यावर.
लिहिणाऱ्याला घाई असते.
'ती निमूटपणे आत गेली' म्हटलं
की आत जाऊन तिला काय वाटलं
ते लिहायचं वाचतं.

आणि मला उगाच वाटत आलंय,
नि-मूट म्हणजे मूठ नसलेला.
कोशात तसं काही नाही.
पण उघडा तळवा दिसतो मला या शब्दात,
मागणाऱ्याचा नाही,
नुकतंच काहीतरी सोडून दिलेला.

मग हेमांगी कुबल.
अर्थाची जागा कोरी.
वाक्य :
बाबा पहिल्याच बोलीला निमूटपणे मान हलवतात कारण बर्फ संपलेला असतो.

'कारण'च्या आधी स्वल्पविराम हवा होता.
पेन टेकवलं, उचललं.

क्रियाविशेषण कसं ओळखायचं, मी वर्गात सांगतो :
क्रियापदाला 'कसं' विचारा.
कशी चालली? हळू.
कसा बोलला? मोठ्याने.
वीस वर्षं सांगतोय.
'का' विचारायला कधी शिकवलं नाही,
ते अभ्यासक्रमात नाही.

रविवारी पहाटे बंदरावर गेलो.
मासे नको होते, तरी पिशवी नेली.
रोहिदास कुबल पाटीमागे उकिडवा,
बांगडे अजून निळे,
वर दोन इसवणी, एकीचे कल्ले किंचित फिके.
व्यापाऱ्याने आकडा टाकला, पाटीकडे न बघता.
मान हलली.
'हो' म्हणताना हलते तशी नाही,
डोक्यावरची पाटी उतरल्यावर हलते तशी.
बायकोने ओलं गोणपाट काढून
त्याची घडी घातली. चार पदरी. कडेला कड जुळवून.

"काय गुरुजी, आज हय खय?"
"असाच."
"बरफ संपलो ओ," तो म्हणाला,
मी काही विचारलंच नव्हतं.
"सांजेपर्यंत कोण थांबतलो?"

घरी येऊन दिले दोन पैकी दोन.
स्वल्पविरामासकट.

सोमवारी परीक्षा विभागाचे कोचरेकर सर :
अर्थ कोरा आहे. दोन कसे?
अर्थ वाक्यातच आहे सर,
हे माझ्या तोंडात आलं,
दातांपर्यंत.
सूचीप्रमाणे करा, ते म्हणाले,
तेही रागावून नाही.
मी दोनचा एक केला, बाजूला छोटी सही.

कशी केली? सदतीसजणांना येतं उत्तर.
का केली?
पेनात शाई होती, तास सुटायला अवकाश होता,
मी काही बांगडा नव्हतो
दुपारपर्यंत खराब व्हायला.

पेपर वाटले.
आठवी 'ब' गुण मोजू लागली, बोटांवर, ओठांत.
तन्मयने एकावर समाधान मानलं.
खिडकीबाहेर ओहोटी.
मी फळ्याकडे वळून पुढचा धडा लिहीत होतो,
तेवढ्यात बाक सरकल्याचा आवाज,
आणि टेबलावर माझ्याच लाल सहीवर
येऊन टेकलेलं, खवल्यांनी चरे पडलेलं बोट :

"सर, एक का?"